मागच्या सीटवर बसून बघायचं राहिलं

५ फेब्रुवारी

मिरचे,

आशीर्वाद घे. घ्यायचा नसेल तर तिथेच ठेव, नासणारी वस्तू नाही ती.

अक्षर ओळखलं असशील. बोलणारी मी आहे आणि लिहिणारी तुझी आई. शाळेचा आणि माझा संबंध कधी आला नाही, आणि फोनवर तू 'हं, बरं, ठेवते' याच्या पुढे जात नाहीस, म्हणून हा कारभार. तुझ्याशी बोलायचं नाही असं तुझ्या बाबांनी घरात ठरवलंय. पत्राबद्दल काही ठरवलेलं नाही. तुझी आई म्हणते, अहो आई, असं नका सांगू. मी म्हटलं, सूनबाई, तू हात आहेस, तोंड मी आहे. हाताने मध्ये बोलायचं नाही.

बातमी अशी की घरात नवी गाडी आली.

आता तुझ्या बापाची अख्खी नोकरी गेली बाजारातले तराजू तपासण्यात. दुकानदार 'बरोबर आहे साहेब' म्हणून घसा कोरडा करायचे, तरी पिशवीतली आपली वजनं पारड्यात टाकल्याशिवाय त्याने कधी शिक्का मारला नाही. बाजार त्याला 'काटा' म्हणायचा ते उगीच नाही. तोच माणूस निवृत्त झाला, शोरूममध्ये गेला आणि एक चक्करही न मारता गाडी घेऊन आला. तिथला माणूस म्हणाला, चालवून बघायची गाडी आज बाहेर गेलीय, शनिवारी या. पण तुझ्या आईचा वाढदिवस शुक्रवारी. तिला नकळत दारात आणून उभी करायची होती ना. आणि माहितीपत्रक त्याने पाठ केलेलं. लांबी, रुंदी, सामानाची जागा, सगळं फूटपट्टीने रेघा मारून कागदावर मांडलेलं. कागदावर ही गाडी पहिली आली म्हणे.

तू त्या मुलाबरोबर राहायला निघालीस तेव्हा हाच दारात उभा राहून काय म्हणाला होता ते आठवत असेल. "आधी राहून बघू म्हणजे? माणूस म्हणजे काय गाडी आहे, चालवून बघायला?" मी परवा त्याला विचारलं, माणूस चालवून बघायचा नाही हे समजलं रे बाबा, पण गाडी? तर म्हणतो, आई, कंपनीने ती तपासूनच पाठवलेली असते. हे लिहिताना तुझी आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली म्हणून मुद्दाम सांगते.

तू गेलीस तेव्हा तिच्या दुखण्याला आपण नुसती पाठदुखी म्हणायचो. आता त्याचं नाव मोठं झालंय. मणक्याची हाडं ठिसूळ झालीत. दर महिन्याला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन सलाईनमधून औषध घ्यायचं असतं. जुन्या गाडीत ती मागच्या सीटवर उशी घेऊन आडवी व्हायची आणि दवाखाना आला की मी उठवायची. ती गाडी बदल्यात दिली. खिळखिळी झाली होतीच, पण पाळण्यासारखी होती.

नवीत मी पुढे बसले. काच एवढी मोठी की सगळा रस्ता मांडीवर येतो. मला आवडली हो. तुझी आई मागे बसली. चौकापर्यंत जाऊन आलो. बाबांनी विचारलं, कशी आहे? म्हणाली, छान आहे. घरात आल्यावर कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, छान आहे.

तुझी, सहीविना आजी

२ मार्च

मिरचे,

तुझं पत्र आलं. एवढ्या मोठ्या कागदावर एकच ओळ. तुझ्या आईने वाचून दाखवली: 'आजी, घेण्याआधी आईला मागे बसवून बघितलं होतं का?' पुढे काय आहे विचारलं, तर म्हणाली, एवढंच आहे. मग घडी घालून उशीखाली ठेवून दिलं.

नाही गं. बसवून कसं बघणार? तिला कळलं असतं ना.

परवा दवाखान्याची फेरी झाली. तुझी आई म्हणते, लिहा, प्रवास छान झाला. बरं, लिही. आता माझंही लिही. येताना ही गल्लीच्या तोंडाशीच उतरली. पाय मोकळे करते म्हणाली. भिंतीला हात लावत लावत घरी आली आणि स्वयंपाकघरातल्या फरशीवर उताणी पडली, डोळे छताला. मी म्हटलं, काय गं? तर म्हणते, फरशी गार आहे. लिहिलंस का? लिहिलं म्हणते. मला काय कळतंय. काळ्या मुंग्या कुठल्याही रांगेने गेल्या तरी मला सारख्याच.

तुझ्या बाबांचं विचारशील तर, विचारणार नाहीस तरी सांगते, तो सकाळी चहाच्या आधी गाडी पुसतो. आधी ओल्या फडक्याने, मग कोरड्याने, मग लांब उभा राहून बघतो. एवढ्या प्रेमाने त्याने कधी तुला आंघोळ घातली नसेल. संध्याकाळी आत येऊन तुझ्या आईला विचारतो, "आता कशी वाटते? पडली का अंगवळणी?" ती म्हणते, हो. मग त्या दिवसाचं त्याचं जेवण चांगलं जातं.

पुढच्या फेरीचं औषध चुकलं तरी काही बिघडत नाही, असं तुझी आई म्हणते. मी म्हटलं, डॉक्टर तसं म्हणाले का? तिने पेन खाली ठेवलं. दूध उतू जाईल म्हणून आत गेली. दूध मघाशीच तापवून झालंय.

परत आलीय. म्हणते, कागद संपत आला. अजून अर्धा कोरा दिसतोय मला. अक्षर येत नसलं तरी कोरं कळतं.

आजी

२४ मार्च

मिरचे,

अक्षर बदललंय म्हणून दचकू नकोस. समोर शिवणकाम करणारी बाई लिहून देतेय. मी तिच्याकडे उशीचे अभ्रे शिवायला आलेय, असं घरी सांगितलंय. अभ्रे खरंच आणलेत. खोटं बोलायचं तर सामानासकट बोलावं.

आधीच्या दोन पत्रांत जे नव्हतं ते आता सांगते.

गेल्या आठवड्यात बाजारात जाताना पुढच्या सीटवर पिठाचा डबा होता म्हणून मी मागे बसले. मिरचे, ती वेगळीच गाडी आहे. पुढे बसलं की पाण्यावरून गेल्यासारखं वाटतं. मागे सीट पाटासारखी कडक आणि पाठ अशी उभी की माणसाला जाब विचारायला बसवलंय. आडवं व्हायला जावं तर मध्ये टणक उंचवटा, त्यात पट्ट्यांच्या कड्या. स्पीडब्रेकर आला तेव्हा माझे दात दातांवर आपटले. माझी हाडं जुनी आहेत पण धड आहेत. तिची धड नाहीत.

घरी येऊन मी तिला गाठलं. ती भाजी निवडत होती.

म्हटलं, "किती दुखतं?"

"कुठे?"

"मागच्या सीटवर. आज मी बसून आले."

भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "अहो आई, यांना सांगू नका."

"का नको? नवरा आहे तुझा, परका आहे का?"

"इतक्या वर्षांत त्यांनी मला न विचारता माझ्यासाठी पहिल्यांदा काही आणलं. रोज पुसतात तुम्ही बघता ना. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

"मग दवाखान्याला भाड्याची गाडी करू."

"दारात नवी उभी असताना? ते विचारतील का म्हणून. मग?"

"मग मी सांगते."

"तुम्हाला माझी शपथ आहे."

अशी शपथ घालून ठेवलीय. आणि ऐक, तिने दवाखान्यात फोन करून या महिन्याची वेळ रद्द केली. घरात सांगितलं की डॉक्टर बाहेरगावी गेलेत. डॉक्टर कुठेही गेलेले नाहीत. हे औषध एकदाही चुकवू नका, हाड कधी दबेल सांगता येत नाही, असं त्यांनी माझ्या देखत सांगितलं होतं. आता ती गाडीत बसली तरी धोका आणि नाही बसली तरी धोका.

मी आडून प्रयत्न केला. तुझ्या बापाला म्हटलं, मागे जरा कडक लागतं रे. तर म्हणाला, नवी आहे आई, बसून बसून मऊ होईल. याला म्हणतात वजनमापाचा अधिकारी.

टेलरबाई म्हणते, तिच्या भावाने गाडी घेतली तेव्हा सगळं घर आळीपाळीने मागे बसलं होतं. टेस्ट ड्राइव्ह म्हणतात म्हणे. फुकट असते. खराब रस्त्याने न्या म्हटलं तर नेतातसुद्धा. नुसतं म्हणावं लागतं. आपल्याकडे तेवढं म्हणणारी एकच होती, आणि तिला आपण घराबाहेर काढलं.

म्हणून तू ये. मी शपथेत अडकलेय, तू नाहीस. तुझ्या तोंडाला लगाम नाही, आणि या घराला आता तेच औषध लागणार आहे. बापावरचा राग सोड असं मी म्हणत नाही. तुझा राग खरा आहे. तो घेऊन ये, दारातच त्याच्यावर काढ, पण गाडीबद्दल त्याला सांग.

फार थांबू नकोस.

आजी

११ एप्रिल

मिरचे,

टेलरबाईच लिहितेय. ती मघापासून म्हणतेय, आजी, फोन करू या. फोनवर हे मला बोलता येणार नाही.

तू आईला फोन केला होतास ते मला माहीत आहे. मी शेजारीच बसले होते. "आजी वाढवून सांगते गं, तिला काही उद्योग नाही," असं ती तुला म्हणाली आणि माझ्याकडे बघून हात जोडले. शपथ आठवून मी फोन मागितला नाही. मग तू बाबांना लावलास. मोबाईल टेबलावर थरथरत होता. त्याने नाव बघितलं आणि मोबाईल पालथा घातला. थरथरणं थांबेपर्यंत आम्ही सगळे तिकडेच बघत होतो.

सोमवारी दवाखान्यातून फोन आला की बाई औषधाला आल्या नाहीत, उशीर होतोय. तो तुझ्या बापाने घेतला. त्याला वाटलं, डॉक्टर गावाहून परतले. खूश झाला. म्हणाला, चला, लगेच निघू, गाडी तयारच आहे. तुझी आई नाही म्हणाली नाही. उशी घेतली, कमरेचा पट्टा घेतला, मागे जाऊन बसली. मी म्हटलं, सूनबाई, तू पुढे बस, मी मागे. म्हणाली, पुढे सीटचा पट्टा पोटाला काचतो. तेही खरं असेल. मला आता तिचं काय खरं ते कळेनासं झालंय.

शहराच्या अलीकडे शाळेजवळ नवा स्पीडब्रेकर केलाय. पांढरे पट्टे अजून मारलेले नाहीत. गाडी उडाली. पुढे आम्हाला नुसती हिंदकळल्यासारखी वाटली. मागून आवाजसुद्धा आला नाही. मी वळून बघितलं तर तिने रुमाल दातात धरला होता आणि तोंड हसल्यासारखं केलं होतं. मी ओरडले, थांबव रे. तो म्हणाला, काय झालं? ती म्हणाली, काही नाही, चला.

दवाखान्याच्या दारात त्याने दार उघडलं. ती म्हणाली, "अहो, माझे पाय कुठे आहेत?"

मणका दबला. आतली नस त्यात सापडली. लगेच ऑपरेशन झालं. वरच्या अंगाला सगळं ठीक आहे. कमरेखाली तिला माझा हात लागलेला कळत नाही. मी चिमटा काढून बघितला. रागाने काढला, कळला नाही.

मोठे डॉक्टर आले तेव्हा तुझा बाप पलंगाशी उभा होता. डॉक्टरांनी तिला विचारलं, "याआधी दुखत होतं का? गाडीत बसल्यावर?" ती म्हणाली, "हो." ते म्हणाले, "कधीपासून?" ती डॉक्टरांकडे बघत होती, याच्याकडे नाही. म्हणाली, "वाढदिवसापासून."

तो खोलीच्या बाहेर गेला. मी मागे गेले नाही. तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

आजी

२० मे

मिरचे,

हे अक्षर बघून पाकीट तसंच फेकून देऊ नकोस. बोलणारी मीच आहे. लिहिणारा तुझा बाप आहे. टेलरबाई यायला तयार होती, मीच नको म्हटलं. या घरात लिहिता येणारं आणखी एक माणूस आहे, तोंड शिवून बसलंय, निदान हात तरी हलू दे. त्याला सांगून ठेवलंय, मी बोलेन ते लिहायचं, गाळायचं नाही, सुधारायचं नाही.

तुझ्या आईला घरी आणलं. आडवी आणली, दवाखान्याच्या गाडीतून. बाहेरच्या खोलीत पलंग टाकलाय, खिडकीपाशी. आता उठून बसणं नाही. बसवून कुठे न्यायचंही नाही. डॉक्टर म्हणाले, उभ्या राहतील अशी आशा धरू नका. त्यांनी सरळ सांगितलं ते बरं केलं. आम्हाला या घरात तशी सवय नाही. ती दवाखान्यात असताना तू दोनदा फोन केलास, तिच्याशी बोललीस, ते तिने मला सांगितलं. येते म्हणालीस, पण बाबा दारात असतील तर येणार नाही म्हणालीस. तेही तिने सांगितलं. त्याच्यासमोर सांगितलं.

आता तुझ्या बापाचं. हे लिहिताना अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

गाडी झाकून ठेवलीय. स्टिअरिंगला तो हात लावत नाही. पण रोज सकाळी तयार होतो, तुझ्या आईचा कमरेचा पट्टा घेतो, तो आता तिला लागत नाही, आणि एक उशी बगलेत धरून निघतो. पहिले काही दिवस मला वाटलं दवाखान्यात जातो. मग एका शोरूममधल्या बाईंचा घरी फोन आला. म्हणाल्या, "ते काका रोज टेस्ट ड्राइव्हला येतात. गाडी घ्यायची आहे ना त्यांना?" मी म्हटलं, "घेऊन झालीय."

मग कळलं ते असं. हा शोरूममध्ये जातो. म्हणतो, टेस्ट ड्राइव्ह हवी. ते म्हणतात, या साहेब, चालवा. हा म्हणतो, तुम्ही चालवा, मी मागे बसतो. पट्टा आपल्या कमरेला बांधतो, उशी लावतो आणि म्हणतो, शाळेजवळच्या स्पीडब्रेकरवरून न्या. सावकाश नको, आम्ही गेलो होतो तसं न्या. एक गाडी झाली की दुसरी. एक शोरूम झालं की पुढचं. कुठे हसतात, कुठे पाणी देतात, एका ठिकाणी हाताला धरून बाहेर बसवलं. विचारतात, काका, मागेच का? सांगत नाही. रात्री वहीत काही लिहीत नाही, रेघा मारत नाही. नुसता पाठीला हात लावून बसतो.

मी म्हटलं, अरे, आता कुणासाठी? तो म्हणाला, बघायचं राहिलं होतं आई.

परवा दुपारी आला. चपलासुद्धा काढल्या नाहीत. दारातच म्हणाला, "आई, सापडली."

"काय सापडलं?"

"गाडी. स्पीडब्रेकर कळलाच नाही मला. पाठ मागे जाते, सीट लांब आहे, पाय सोडून झोपता येतं. मी झोपून बघितलं. डोळा लागला माझा."

"कुठे?"

"त्याच शोरूममध्ये. आपल्या गाडीच्या शेजारीच उभी होती तेव्हा." मग खाली बसला. "कागदावर ती शेवटची आली होती."

तुझी आई पलंगावरून सगळं ऐकत होती. मला वाटलं आता ही रडणार, आणि ही रडली की मला काही करता येणार नाही. ती म्हणाली, "कुठल्या रंगाची होती हो?"

तो म्हणाला, "पांढरी."

"मग बरं झालं नाही घेतली. फार मळली असती."

त्याने पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. तिने त्याच्या केसांवर हात ठेवला. मला तिथे बसवेना, मी आत जाऊन उगीच भांडी वाजवली. माझं आयुष्य गेलं माणसांना चिमटे काढण्यात, पण त्या दोघांना काढायला मला जागा सापडली नाही. बाहेर आले तेव्हाही तो तसाच होता. आता तो असाच राहणार, मिरचे. शनिवारपर्यंत थांबून तिला मागच्या सीटवर बसवून बघायचं होतं, एवढंच होतं, आणि ते आता कुणालाच कधी करता येणार नाही. मी देवाचं नाव घेऊन समजूत काढणारी म्हातारी नाही. हे भरून येणार नाही. मला माहीत आहे, तिला माहीत आहे. त्यालाही माहीत आहे, तरी तो उद्या पुन्हा उशी घेऊन निघेल.

मी त्याला आत्ता सांगितलं, लिही: तुझ्या आईला तुला बघायचंय. लिहिलं त्याने.

मग म्हटलं, आता तुझ्यातर्फे लिही: मलाही बघायचंय. पेन थांबलं. मी थांबले. मला कुठे जायचंय. तो खिडकीकडे बघत होता, मग पलंगाकडे बघितलं. तुझी आई म्हणाली, "अहो, लिहा ना, आई सांगतायत." आता कागदावर खरखर ऐकू येतेय.

लिही: दोघांनी या. त्या मुलालाही आण. तो कसा आहे ते तूच इतकी वर्षं बघितलंयस, आमच्या कागदावर मांडून बघायची काही गरज नाही.

त्याने लिहिलं आणि विचारलं, "आई, कधी या म्हणू?" मी म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, "याच आठवड्यात या म्हणून लिहितो. तिला संध्याकाळी बरं वाटतं, संध्याकाळची बस बघा म्हणून लिहितो." तर तसं.

स्टँडवर तो घ्यायला येईल. चालत येईल. लांब आहे, म्हणून सामान हलकं आण. आणि त्याच्याशी भांडायचं असेल, भांडायला हवंच आहे, तर ते सगळं वाटेत उरकून घे. घरात तिला मोठा आवाज सोसत नाही.

आजी